समजा, ज्योत हिरवी झाली

उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचे, तिथल्या प्रयोगशाळेचा गॅस मी येण्याआधीच कधीतरी बंद पडला होता. बर्नर होते, रबरी नळ्या होत्या, गॅस तेवढा नव्हता. त्यामुळे क्षार ओळखण्याचे प्रयोग मी फळ्यावर करायचे. "समजा, ज्योत हिरवी झाली, तर बेरियम." मुलं जर्नलात लिहायची, ज्योत हिरवी दिसली. माझं नाव त्यांनी 'समजा मॅडम' पाडलं होतं, आणि ते मला कळलंय हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी तासिका तत्त्वावर होते. जेवढे तास घ्यायचे तेवढंच मानधन, एप्रिलमध्ये घरी, जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर. विभागातले एक सर निवृत्त झाल्यापासून त्यांची कायम जागा रिकामी होती. ती आपल्याला मिळेल म्हणून मी बदलापूरहून येत राहिले. आधी त्याला आशा म्हणत होते, पुढे नुसती सवय उरली.

नव्वदचं दशक संपता संपता मूल्यांकनाचं वारं आलं. कॉलेजांना हॉटेलांसारखे तारे मिळणार म्हणे. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, एकदा तारे पदरात पडू द्या. मग तुमची जागा मी स्वतः खेटे घालून मंजूर करून आणतो. फक्त समितीसमोर विभागात जागा रिकामी दिसायला नको. तेवढे दिवस तुम्ही कायम आहात."

तेवढे दिवस कायम. मराठीत असं वाक्य होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. प्राचार्य थापा मारत नव्हते, असं मला आजही वाटतं. तेही बिचारे तसंच समजून चालले होते. मी "बरं, सर" म्हटलं.

मग सगळं झरझर झालं. भिंतींना रंग लागला, वाचनालयातल्या पुस्तकांवरची धूळ गेली, आणि प्रयोगशाळेत चक्क गॅस आला. पहिल्या दिवशी बर्नर पेटवायला कोणी पुढे येईना. पोरं दुसऱ्या वर्षाला होती आणि त्यांनी बर्नर पेटलेला पाहिलाच नव्हता. शेवटी उल्हासनगरातल्याच कॅम्प पाचमधल्या एका मुलीने तार क्षारात बुडवून ज्योतीत धरली आणि ओरडली, "मॅडम, खरंच हिरवी होते!"

इतर कुठल्याही शिक्षिकेला त्या क्षणी आनंद झाला असता. मला लाज वाटली, तीसुद्धा थोडीच. बाकी आत काही हललं नाही.

समिती आली. बाहेरच्या विद्यापीठांतले तीन प्राध्यापक, त्यांच्यामागे हार, त्यामागे नारळपाणी. प्रयोगशाळेत त्यांच्यातल्या वयस्कर सरांनी एका मुलाला थांबवलं. मुलगा कारखान्यांना लागून असलेल्या मोरिवलीचा, एरवी तोंड न उघडणारा. परीक्षानळीतून सडक्या अंड्याचा वास येत होता.

"कौन सी गैस है?"

"हायड्रोजन सल्फाइड, सर." त्याने नळीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

"टेस्ट के बिना कैसे पहचाना?"

"घर के पीछे नाला है ना, सर. रोज आता है वास."

प्राचार्यांचा चेहरा पडला. पण सर मनापासून हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, विषय आयुष्याशी छान जोडून शिकवता तुम्ही. मी आभार मानले. त्या मुलाला ते मी शिकवलं नव्हतं, कॉलेजनेही शिकवलं नव्हतं. वर्गात त्याला जे कळत नव्हतं ते मला पक्कं माहीत होतं, आणि ते कोणीच विचारलं नाही. सरांनी प्राचार्यांना एवढंच विचारलं, मॅडम परमनंट आहेत ना?

"यस सर. अवर परमनंट फॅकल्टी."

खोटं आहे हे माहीत असूनही अंगावर काटा आला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी हललं, ते हे.

कॉलेजला चार तारे मिळाले. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्या सिंधी शेठने मला थांबवून विचारलं, "मॅडम, चार स्टार! अब रूम सर्विस भी मिलेगा क्या?" घरी आईने देवापुढे साखर ठेवली. तारे म्हणजे माझी नोकरी, असा तिने सरळ हिशोब लावला होता आणि मी तो मोडला नाही. जूनमध्ये प्रवेशासाठी अंबरनाथच्या पलीकडून रांगा लागल्या. तारे पाहून आलेली मुलं वर्गात मावेनात, काही खिडकीच्या कट्ट्यावर बसायची. सिलिंडर संपला, नवा कोणी मागवला नाही, आणि मी पुन्हा फळ्याकडे वळले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मी समजून चुकले.

"मी शिक्षण खात्यात जाऊन आलो, मॅडम. पण अडचण झालीय. ते म्हणतात, तुमच्या विभागात जागा रिकामीच नाही. समितीनेही तसंच नोंदवलंय, शिक्षकसंख्या पुरेशी म्हणून. आता भरलेली जागा मी पुन्हा कशी मागू?"

"भरलीय कोणी, सर?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"तुम्हीच."

माझी जागा मीच अडवून बसले होते. संताप यायला हवा होता, निदान रडू तरी. मी वाट पाहिली, काहीच आलं नाही. चहा पिऊन झाला, कप बशीत ठेवला. बाहेर घंटा झाली तशी मी उठले.

"कुठे निघालात?" प्राचार्यांनी विचारलं.

"तास आहे, सर."