पूजेला बसवलेलं जोडपं

रुखवत मांडावं तर संत तुकाराम नगरातल्या इंदुताई पिसाळांनी. मांडव आकुर्डीचा असो, देहूरोडचा असो नाही तर पार चाकणच्या पुढचा, इंदुताई पदर खोचून आत शिरल्या की कोपऱ्यातल्या त्या एका टेबलावर अख्खं गाव उभं राहायचं. शेवयांची झोपडी, लवंगांची तुळस, साखरेची वरात, आणि त्या वरातीत सनईवाला वेगळा, रुसलेला मामा वेगळा! कारखान्यात शिफ्टा करणाऱ्या बायकांना हे करायला वेळ कुठला? मुलीचं लग्न ठरलं की त्या इंदुताईंचं दार वाजवायच्या. नवरा कंपनीतून निवृत्त झाला आणि थोड्याच काळात गेला, तेव्हापासून तर घर या कामानंच भरलेलं असे. मांडून झालं की इंदुताई चार पावलं मागं सरायच्या आणि डोळे बारीक करून बघायच्या. समोरून काय दिसेल, हे त्यांना पाहुण्यांच्या आधी कळायचं.

या समोरून दिसण्याच्या नादातच त्यांच्या हातून एक चूक झाली.

त्यांचा एकुलता मुलगा सलिल इंजिनियर. चाकणच्या कंपनीनं त्याला व्हिएतनाममध्ये हायफाँगला नवी लाइन उभी करायला धाडलं, आणि परत येताना तो लानला घेऊन आला. ती तिथं माल तपासायच्या खात्यात होती. बारीक चणीची, कमी बोलणारी मुलगी. पुण्यात नोंदणी करून लग्न झालं. पहिल्याच दिवशी शेजारच्या चिमाबाई, पिंपरी गावातल्या जुन्या घरच्या, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"इंदे, पोरगी खाती काय गं?"

"भात खाते, मासे खाते. तुमच्या रत्नागिरीच्या सुनेसारखीच."

"मंग हिचं बी माझ्याशी पटायचं न्हाई," चिमाबाई म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या.

लान मराठी शिकली ती रुखवताच्या टेबलाशी बसून. कात्री हातात आली की ती थांबायचीच नाही. कागदाची कमळं अशी दुमडायची की इंदुताईंनी हात जोडावेत. चिंचवडला ऋताचा जन्म झाला. भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी बायकोला मिळतं ते ओसीआय कार्ड लानला मिळालं, आणि त्याच्या जोरावर ती चाकणला नोकरीला लागली. पहाटे नाशिक फाट्यावरून कंपनीची बस. जाण्याआधी झोपलेल्या ऋताच्या वेण्या घालून जायची, सासूबाईंना मागं त्रास नको म्हणून. चिमाबाईंनी कौतुक केलं की इंदुताई नुसत्या हसायच्या. वेण्या आपण घातल्या नाहीत, हे सांगायचं त्यांच्याकडून राहूनच जायचं.

ऋता तीन वर्षांची असताना सलिलला स्लोव्हाकियात नोकरी मिळाली. बस्तान बसलं की दोघींना नेतो म्हणाला. बस्तान बसलं, न्यायचं राहिलं. फोन रोजचे होते ते रविवारचे झाले, मग सणासुदीचे. एका संध्याकाळी कागद कापता कापता लान म्हणाली, "आई, सलिल म्हणतो, वेगळं होऊ." दूध संपलं म्हणून सांगावं तसं सांगितलं तिनं. कात्री मात्र थांबली होती.

इंदुताईंच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "बाहेर कुणाला बोलू नकोस."

आणि नेमकं त्याच वर्षी बिल्डिंगच्या श्रावणातल्या सत्यनारायणाला जोडपं बसवायची पाळी पिसाळांची. दर वर्षी एका घरचं जोडपं बसतं, हा जुना रिवाज. सलिल सुट्टीवर आला होता, तोही कागदपत्रांचं बोलायला. इंदुताईंनी नकार दिला असता तर फार काही बिघडलं नसतं. पण नकाराचं कारण कोण सांगणार?

"दोन तास बसा," त्या दोघांना म्हणाल्या. "माझ्यासाठी."

बसली बिचारी. लानच्या अंगावर मोरपिशी पैठणी, सलिलच्या खांद्यावर उपरणं, दोन्ही पदरांना गाठ. गुरुजींनी कथा सांगितली, आरती झाली, फोटो निघाले. इंदुताई मागं भिंतीशी उभ्या राहून डोळे बारीक करून बघत होत्या. नेपथ्य चोख, वेशभूषा चोख, पात्रं आपापल्या जागी. त्यांना वाटलं, प्रयोग रंगला. रात्रीपर्यंत फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर आणि सलिल परत जायच्या तयारीला.

थंडीत सलिलनं घाई सुरू केली. तिकडं त्याचं एकीशी जमलं होतं. तिच्याशी लग्न केलं की त्याचा तिथं राहायचा परवाना पक्का होणार होता, आणि आधीचा संपत आला होता. दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचं ठरलं. पिंपरीतल्या वकील योगिनी यांच्या टेबलाच्या एका बाजूला लान आणि इंदुताई, आणि पेल्याला टेकवलेल्या फोनमध्ये सलिल.

त्यानं अटी तयारच ठेवल्या होत्या. ऋताचा ताबा वडिलांकडं, ऋता राहणार आजीजवळ. लान आपल्या देशात परत.

"आई, तुझ्याच मनासारखं आहे की नाही?" फोनमधून आवाज आला.

खोटं कशाला बोला, होतंच. नात घरात राहणार, तिचा डबा, तिची शाळा, तिचं गॅदरिंग, सगळं आपल्या हातचं. इंदुताईंनी मनातल्या मनात ऋताचं टेबल खिडकीशी सरकवूनसुद्धा पाहिलं होतं.

योगिनी लानकडं वळल्या. "घटस्फोट झाला की तुमचं कार्ड जाईल, हे माहीत आहे ना? मग इथं राहण्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागेल. मुलगी भारतीय आहे, तुमच्याजवळ आहे, इथं शिकतेय, असं असलं तर मागण्याला काही अर्थ. मुलगीच तुमच्याकडं नसली तर राहायचं कशासाठी, असं विचारतील."

लाननं मान हलवली. तिला माहीत होतं.

"बरं, नवरा-बायको म्हणून शेवटचं एकत्र कधी होतात? अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असायला हवं."

"तीन वर्षं झाली," सलिल म्हणाला.

"श्रावणात पूजेला बसलो," लान म्हणाली. विचारलं तर खरं सांगायचं, एवढंच तिला ठाऊक.

"कुठल्या पूजेला?"

फोटो दाखवावा लागला. योगिनींनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. "गाठ मारलेली आहे, शंभर माणसं आहेत, आणि हे तेव्हा त्याच घरात उतरलेले. कोर्टात प्रश्न निघणार."

"अहो, तो देखावा होता!" सलिल चिडला. "आईनं बसवलं आम्हाला."

"मग आईंनी तसं शपथेवर सांगायला हवं, आणि समुपदेशकांनी बोलावलं तर समोर येऊन. नाहीतर श्रावणापासून वर्ष मोजू. थांबा."

सलिलला थांबायला सवड नव्हती. तीन जोडी डोळे इंदुताईंकडं लागले. त्या पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "उद्या सांगते."

घरी चालत येताना लान हळूच म्हणाली, "आई, तुम्ही खरं सांगून टाका. ऋता तुमच्याजवळ राहू दे. मी येईन वर्षातून एकदा. व्हिसा दिला तर."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना जाग आली ती स्वयंपाकघरातल्या दिव्यानं. खोलीच्या दारातून त्यांनी पाहिलं. ऋता झोपलेली, डोकं आईच्या मांडीवर, आणि लान अंधुक उजेडात तिच्या वेण्या घालत होती. झोपेतच ऋतानं आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. वेणी झाल्यावर लाननं ते टोक एकेक बोट उलगडून सोडवलं, उशी सरकवली आणि बस गाठायला निघून गेली. रोज हेच होत असणार. इंदुताईंनी आजवर पाहिल्या होत्या त्या तयार वेण्या.

चहा टाकायच्या आधी त्यांनी चिमाबाईंचं दार वाजवलं. आपल्या तोंडून आधी इथं निघालं पाहिजे, मग कोर्टात निघेल, असा त्यांचा हिशेब.

"चिमाबाई, श्रावणातलं ते जोडपं, ते मी नुसतं बसवलं होतं. दोघांचं मोडलंय. तेव्हाच मोडलं होतं."

चिमाबाईंनी हातातला झाडू भिंतीला टेकवला. "व्हय गं. आमाला काय डोळं न्हाईत? आख्खी कथा संपली, पोरानं बायकूकडं एकदा मान वळवली न्हाई. आरतीला उभं ऱ्हायलं तर दोघांत ही एवढी वाट."

"म्हणजे... सगळ्यांना?"

"समद्यांना. तुला बरं वाटावं म्हून आमी शिरा खाल्ला न् गप घरी गेलो. च्या टाकू का?"

इंदुताई तिथंच पाटावर बसल्या. इतके महिने त्या समजत होत्या, पडदा पाडलेला आहे. प्रेक्षक पडद्याच्या आत येऊन बसले होते, आणि कुणी खोकलंसुद्धा नव्हतं! त्यांना आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि चहा होईपर्यंत दोन्ही ओसरलं.

त्यांनी सलिलला फोन लावला.

"शपथेवर सांगते, तो देखावा माझाच होता. पण अटी बदल. ऋता लानजवळ राहील. ऋताच्या पासपोर्टला तुझी संमती देऊन ठेवायची, आणि लान इथं राहायची परवानगी मागेल त्याला तुझी हरकत नाही, तेही लिहून द्यायचं."

"आई, तुला कळतंय का? ती उद्या ऋताला घेऊन हायफाँगला गेली तर?"

"गेली तर गेली. आईबरोबर असेल पोरगी."

"आणि तू?"

"माझं मी बघीन. तुला तिथं राहायला लग्न लागतंय ना? तिला इथं राहायला लेक लागते. तुझं नवीन जोडून घे, पण तिचं आहे तेवढं काढून नको घेऊस."

"तू नक्की आई कुणाची आहेस?"

"तुझी. म्हणून तर तुला थांबवत नाही. नाहीतर पुढच्या श्रावणापर्यंत बसवून ठेवलं असतं."

सलिलनं अटी बदलल्या. मनातून की घाईपायी, ते त्याचं त्याला ठाऊक.

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात सासू-सून मेट्रोनं गेल्या. समुपदेशक मृदुला नावाच्या बाई होत्या, शांत आवाजाच्या. त्यांनी पूजेचं विचारलं, आणि इंदुताईंनी उभं राहून सांगितलं, "मी बसवलं. पाळी आमची होती आणि मला लोकांची भीती होती. मुलांचा दोष नाही."

"बसून सांगा, आजी."

"उभ्यानंच बरं."

"मुलीचा ताबा आईला द्यायला तुमची हरकत नाही? आई परदेशी आहे. परवानगी नाही मिळाली तर मुलगी तिच्याबरोबर देश सोडून जाईल. मग तुमची भेट कठीण."

शेजारी लान हातातला रुमाल घट्ट दुमडत होती. इंदुताई म्हणाल्या, "रडायला येईल मला, ते मी आत्ताच सांगून ठेवते. पण हरकत नाही."

उन्हाळ्यात निकाल लागला. ऋताचा ताबा लानला मिळाला. त्यानंतर कार्ड गेलं, कार्डाबरोबर नोकरी थांबली, आणि परवानगीच्या अर्जावर वाट बघणं सुरू झालं. लान दिवसभर घरी, म्हणून इंदुताईंनी रुखवताची कामं वाढवून घेतली. त्या बाहेरून बेफिकीर दिसायच्या, पण ऋताच्या शाळेच्या नव्या वर्षाची वह्या-पुस्तकं त्यांनी आणली नव्हती. आणावीत की नाही, हे कोण सांगणार?

एक दिवस सकाळी पोलीस ठाण्यातून हवालदार नवनाथ चौकशीला आले. मध्यमवयीन, घामाघूम माणूस. पंख्याखाली बसले, पाणी प्यायले, पॅडवर कागद लावला.

"या बाई तुमच्या कोण?"

"सून होती."

"घटस्फोट झालाय ना? मग आता काय लिहू? भाडेकरू?"

"भाडं नाही घेत."

"मग पाहुण्या?"

"पाहुणी असती तर तुम्हाला पाणी मी दिलं असतं," इंदुताई म्हणाल्या. "तिनं दिलं."

हवालदार हसले, पण पेन हवेतच. "आजी, साहेब विचारतात. काहीतरी लागतंय ना."

"नातीची आई लिहा. हे नातं कोर्टानंच तिच्याकडं ठेवलंय."

त्यांनी ते लिहिलं. "मुलगी कुणाच्या ताब्यात?"

"हिच्या."

"राहणार किती दिवस?"

इंदुताईंनी मान लानकडं वळवली. हे उत्तर आपल्याला ठाऊक नाही आणि ते आपलं नाहीही, हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. आतल्या खोलीत ऋता मोठ्यानं पाढे म्हणत होती.

लाननं जरा विचार केला. "ऋताची दहावी होईपर्यंत," ती म्हणाली. "नंतर ऋताला विचारू."

हवालदारांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि सही कुठं करायची ते लानला बोटानं दाखवलं. ते जिना उतरून जाताच इंदुताईंनी पिशवी घेतली, चपला घातल्या.

"कुठं निघालात, आई?"

"वह्या आणायला," इंदुताई म्हणाल्या. "चल. कव्हरं तुलाच घालायचीत."