अक्काने उघडलेल्या खोल्या

फोन आला तेव्हा मी म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात शिंप्याच्या दुकानात उभी होते. त्याने ब्लाउजची बाही पुन्हा आखूड केली होती आणि मी त्याच्याशी हुज्जत घालत होते. बैलकुप्प्याच्या बाजूच्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक बोलत होते, कन्नडमधून, फार हळू. सकाळची प्रार्थना झाली, मॅडम वर्गाकडे निघाल्या, मध्येच व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं… पाणी आणेपर्यंत मान एका बाजूला कलली होती. दवाखान्यात नेलं, पण… "मेडम इल्ला, अम्मा," एवढं म्हणून ते थांबले. कन्नडमध्ये 'इल्ला' म्हणजे नाही. वर्गात नाही, घरी नाही, जगात नाही, सगळ्याला तोच एक शब्द. मी विचारणार होते, मग कुठे गेल्या? शिंप्याने माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं कापड खाली ठेवलं, तेव्हा मला कळलं.

सुमित्राअक्का माझी नणंद, यांची थोरली बहीण. तिला जाऊन आता दोन महिने होत आले. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, 'शाळाशाळांत संगणक पोहोचवणाऱ्या शिक्षिकेचे निधन'. ते वाचून मला राग आला. संगणक सरकारने पोहोचवले होते, ट्रकमधून. अक्काने काय केलं ते लिहायला कुणाला सवड नव्हती, आणि तिचं काय केलं ते लिहायची कुणाची छाती नव्हती. म्हणून मी लिहितेय. मी काही लेखिका नाही, आणि हे शांतपणे लिहिता येईल असंही मला वाटत नाही.

मी लग्न होऊन नाशिकहून म्हैसूरला आले तेव्हा या घरातलं मराठी मला अर्धंच कळायचं. यांचे पूर्वज कधीकाळी इथल्या राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये संपायचं. मी गोंधळून बसले की अक्का म्हणायची, "सुम्ने ऐकत राहा. कळतं हळूहळू." सुम्ने म्हणजे उगीच, काही न करता. हा तिचा आवडता शब्द, पण ती स्वतः मात्र सुम्ने कधी बसली नाही. लग्न केलं नाही त्याचंही कारण तिने कधी सांगितलं नाही. खालच्या मजल्यावर ती, वरच्या मजल्यावर आम्ही, आणि स्वयंपाकघर एक.

ती सरकारी हायस्कुलात गणित शिकवायची. तिच्या शाळेत संगणक आले तेव्हा हात लावायला कुणी धजेना, म्हणून शाळा सुटल्यावर ती एकटी त्या खोलीत बसायची. पुढे शिक्षण खात्याच्या कार्यालयाने तिला बोलावून घेतलं आणि आमच्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळांच्या तंत्रज्ञानाचं काम तिच्या गळ्यात घातलं. कोणत्या शाळेला काय द्यायचं, शिक्षकांना कुणी शिकवायचं, बिघडलं तर कुणी बघायचं, सगळं. पद मोठं वाटायचं. प्रत्यक्षात एक टेबल होतं आणि एक जीप, जी नेहमी दुसऱ्याच कुणाच्या कामाला गेलेली असायची. अक्का बसने फिरायची.

एकदा नंजनगूडला देवळात जायचं म्हणून मी तिच्यासोबत निघाले, तर वाटेतच एका शाळेत तिने मला उतरवलं. मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने संगणकाची खोली उघडून दाखवली. दहा यंत्रं, प्रत्येकावर चादर, चादरीखाली पडद्याच्या काचेला हळदकुंकवाची बोटं आणि वाळलेली शेवंती. दसऱ्यात आयुधपूजेला खोली उघडायची, पूजा करायची, पुन्हा कुलूप. "बघा मॅडम, आणल्या दिवसासारखी आहेत," ते म्हणाले. मला हसू आलं. अक्का हसली नाही. तिने त्यांना विचारलं की एखादं मोडलं तर काय होईल. ते म्हणाले, माझ्या पगारातून वसुली होईल, मला पोरीचं लग्न करायचंय. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "यांना शिकवून काय उपयोग? आधी यांची भीती काढायला पाहिजे."

वापरताना मोडलेल्या यंत्राची वसुली मुख्याध्यापकाकडून करायची नाही, एवढी एक साधी सूचना काढून घ्यायला तिला वर्ष लागलं. कुणाकुणाच्या दारात ती किती वेळा उभी राहिली ते मी पाहिलंय. सूचना निघाली आणि खोल्या उघडायला लागल्या. मग तिने शिक्षकांना शिकवायला घेतलं. आधी शिक्षक, मग यंत्र, हा तिचा हट्ट. प्रत्येक शाळेतून दोघं बोलवायची, त्यातली एक बाई असलीच पाहिजे. बाया आधी मागे बसायच्या, मग घरी फोन करून अक्काला शंका विचारायच्या. आमच्या स्वयंपाकघरात डाळीला फोडणी पडत असायची आणि अक्का एका हातात झारा धरून कुणा दूरच्या गावच्या बाईंना सांगत असायची, घाबरू नका, ते बटण दाबल्याने काही जळत नाही. लोकेश नावाचा एक तरुण शिक्षक तेव्हा तिच्या हाताखाली आला. हुशार, नम्र. अक्काने त्याला सगळं शिकवलं. तो आमच्याकडे जेवायला असायचा, मला वहिनी म्हणायचा.

मग कार्यालयात ते नवे साहेब आले. नाव लिहीत नाही. तरुण होते, इंग्रजी झकास होतं, आणि त्यांना घाई होती. मुलांची हजेरी आता चेहऱ्यावरून घ्यायची, शिक्षकाने फोन मुलासमोर धरायचा, यंत्र चेहरा ओळखणार आणि हजेरी थेट वर जाणार, अशी योजना. आपला भाग यात पहिला आला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. अक्काने काही शाळांत जाऊन ते करून पाहिलं. शहरात ठीक चाललं. जंगलाच्या कडेच्या शाळांत मात्र फोनला सिग्नल नाही, वर्गात उजेड नाही, आणि अंधाऱ्या खोलीतली सावळी पोरं यंत्राला दिसेचनात. बैठकीत तिने सांगितलं की निदान वर्षभर कागदावरची हजेरीही चालू ठेवा, आणि दोन्हींत फरक पडला तर कागद खरा धरा. साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही तंत्रज्ञानाच्या प्रमुख आहात की विरोधक?" सगळे हसले. ती म्हणाली, "सर, एकदा माझ्याबरोबर त्या शाळेत चला. मग तुम्ही म्हणाल तसं." उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, शाळेत जायला वेळ नव्हता.

इथे माझं आणि तिचं भांडण झालं. मी म्हटलं, सोड ते काम, परत गणित शिकव. ती म्हणाली, मी सोडलं तर हे थांबणार आहे का? आत राहिले तर निदान डागडुजी करीन. आणि तिने खरंच केली. सिग्नल मिळतो त्या टेकाडावर जाऊन हजेरी पाठवा म्हणून शिक्षकांना सांगायची, खिडक्यांसमोरची झुडपं तोडून घ्यायची, वर्गात दिवे लावून घ्यायची. सगळीकडे ती पुरी पडणार नव्हतीच… जंगलाच्या कडेच्या एका छोट्या शाळेची हजेरी पडद्यावर घसरत घसरत गेली. तिथे मुलं येतच नाहीत असं वर कुणीतरी बसल्या जागी ठरवलं आणि ती शाळा दुसऱ्या गावच्या शाळेला जोडून टाकली. मधली वाट हत्तींची. मोठे मुलगे काही दिवस गेले. मुलींना कुणी पाठवलं नाही.

अक्का तिथे गेली. कुणी सांगितलं नव्हतं, रजा टाकून गेली. परत आली तेव्हा चपलासुद्धा न काढता ती पायरीवरच बसून राहिली. बंद शाळेसमोर एक बाई शेळ्या राखत होती, तिच्यापाशी अक्काने चौकशी केली होती. त्या बाईने एवढंच सांगितलं होतं, "माझी मुलगी रोज जायची. तुमच्या फोनला ती दिसली नाही." अक्काने ते वाक्य मला आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग मराठीत, जणू मला एका भाषेत कळणार नाही. त्या दिवशी ती जेवली नाही.

हे प्रकरण पुढे बाहेर फुटलं, वर्तमानपत्रांत आलं, आणि चौकशी लागली. चूक योजनेची नव्हतीच म्हणे, ती राबवणाऱ्या अधिकाऱ्याचा निष्काळजीपणा होता. म्हणजे अक्काचा. तिने सांगितलं की मी बैठकीत सगळ्यांसमोर धोका दाखवला होता, तिथे बसलेल्यांना विचारा. तिची एवढीच मागणी होती. एकेकाला बोलावून विचारलं गेलं. तिने शिकवलेली माणसं होती ती, तिने ज्यांची पोटं सांभाळली होती ती. कुणाला काही आठवेना. शेवटी लोकेशला बोलावलं. तो त्या बैठकीत तिच्या शेजारच्या खुर्चीत होता. अक्का खोलीबाहेर बाकावर बसून ऐकत होती. त्याने एकच शब्द उच्चारला, "नेनपिल्ला." आठवत नाही. घरी येऊन तिने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता. मी लोकेशला शिव्या दिल्या, तर म्हणाली, "त्याला दोन मुली आहेत गं. बदली झाली तर कुठे फिरवील त्यांना?" त्याच्या वतीने तीच बोलत होती. या बाबतीत मी तिला कधी माफ केलं नाही.

तिचं पद काढून घेतलं आणि तिला बैलकुप्प्याच्या बाजूला साधी शिक्षिका म्हणून पाठवलं. तिच्या जागी लोकेश बसला. साहेबांना बंगळूरला बढती मिळाली. निवृत्तीला थोडाच काळ उरलेली बाई रोज पहाटे उठून डबा भरायची आणि भिक्षूंनी भरलेल्या बसमधून जायची. बैलकुप्प्याच्या मठांतले ते लाल वस्त्रांतले तिबेटी भिक्षू तिला उठून जागा द्यायचे, याचं तिला फार कौतुक. मुलं चांगली आहेत, गुणाकार कच्चे आहेत, एवढंच ती सांगायची. बाकी तिने बोलणं कमी केलं. छातीत दुखायचं हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. टेबलाच्या खणात गोळ्या सापडल्या, तेव्हा आम्हाला कळलं.

कार्यालयाने शोकसभा घेतली. पडद्यावर अक्काचा फोटो लावून खाली लिहिलं होतं, 'डिजिटल क्रांतीच्या अग्रदूत'. साहेब बंगळूरहून व्हिडिओवर बोलले. मॅडमचा दृष्टिकोन काळाच्या पुढे होता, असं काहीतरी. मध्येच आवाज गेला आणि त्यांचं तोंड नुसतं हलत राहिलं. आवाज परत आणायला चारजण धावले, पण कुणाला जमेना. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला वाटलं, हे असंच चालू द्यावं.

दुसऱ्या दिवशी लोकेश घरी आला. हार घेऊन आला, फोटोसमोर खूप रडला. ते रडणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "वहिनी, मॅडमना सगळं कळलं होतं. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही." मी म्हटलं, "तिने विचारलं नाही. मी विचारते." तो चपला घालून निघून गेला. त्यानंतर आला नाही.

आता एकच सांगायचं राहिलंय. तेरावं झालं आणि यांनी अक्काचा फोन बंद करून टाकायचा ठरवला. तेवढ्यात त्याच्यावर मेसेज येऊ लागले, सहा आकडी क्रमांकांचे. आधी काही कळेना. मग एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. अक्का गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. यांनी सांगितलं. मग रडतरडत, अगदी संकोचाने त्या म्हणाल्या, सर, मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे आहेत, मॅडमच्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल… तेव्हा उलगडा झाला. सरकारी संकेतस्थळावर शाळांची खाती पहिल्यांदा उघडली तेव्हा एक फोननंबर नोंदवायचा होता, खात्यात शिरताना दरवेळी लागणारा क्रमांक त्याच नंबरवर येतो. लांबच्या शाळांतल्या बायांकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता आणि कार्यालय आपला नंबर द्यायला तयार नव्हतं, म्हणून अक्काने कितीतरी शाळांना स्वतःचा दिला होता. तिचं पद काढलं, खुर्ची काढली, दारावरची पाटी काढली. नंबर काढायचं कुणाला सुचलं नाही. यांनी कार्यालयाला दोनदा कळवलं. बघतो म्हणाले.

तो फोन आता स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी चार्जिंगला लावलेला असतो. रिचार्ज संपत आला की मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन भरून येते. साधारण शाळांची प्रार्थना संपते त्या सुमाराला तो वाजतो. हे हातातलं सोडून उठतात, चष्मा लावतात आणि पलीकडच्या अनोळखी बाईंना एकेक आकडा सावकाश कन्नडमध्ये वाचून दाखवतात. त्या मेसेजखाली दरवेळी एक ओळ असते, हा क्रमांक कुणालाही सांगू नका. हे ती ओळही वाचतात, मनातल्या मनात. मग पलीकडून विचारतात, सर, शेवटचा आकडा पुन्हा सांगाल का? आणि हे सांगतात.