डायव्हरसाहेबांचं इंजिन आणि वाटीभर पेज

डायव्हरसाहेब आधी दमून घेत आणि मगच कामाला बसत. पवनीत त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी भाडेकरू होतो, सत्तरचं दशक सरत आलं होतं. जन्मभर छोट्या लाइनीवर वाफेचं इंजिन हाकून निवृत्त झालेला हा माणूस संध्याकाळी नदीपर्यंत पायी जाई, धापा टाकत परत येई, ओसरीवर पाट मांडी आणि म्हणे, "आता बसतो. ताज्या हाताले लय घाई असते, मास्तर. थकला हात बरोबर चालते."

काम म्हणजे आगगाडी. सागाच्या तुकड्यांचे डबे, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं इंजिन. सगळं खऱ्याच्या मापावरून लहान केलेलं, इतकं की इंजिनाच्या भट्टीला उघडबंद होणारं दारसुद्धा होतं. मी एकदा विचारलं, "साहेब, हे खेळणं कधी पुरं होणार?" ते रंगाचा ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "खेळनं असतं तं कवाचंच झालं असतं." त्यानंतर मी तो शब्द वापरला नाही.

रंग वाळला की शेवटी नंबर. नागपूरला सायकलींवर चिकटवायच्या आकड्यांच्या छापा मिळत. तसला पिवळ्या आकड्यांचा एक जुना कागद त्यांच्या ट्रंकेत होता. त्यातला आकडा कापायचा, बशीतल्या पाण्यात भिजवायचा, वरचा पापुद्रा सुटू लागला की कागदासकट रंगावर ठेवायचा आणि खालून कागद काढून घ्यायचा. "कागद ओढा, आकडा नका ओढू," ते सांगत. "वल्ला आहे तोवर तो कोनाचाच नाही. वाळला का जल्माचा."

मी अर्थातच आकडा ओढला. तो डब्यावर बसण्याऐवजी कुठे गेला ते दोघांनाही सापडेना. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर गणित लिहायला हात वर केला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, चार." मी म्हटलं, "चूक. पुन्हा कर." पोरगा बिचारा माझ्या कोपराकडे बघून सांगत होता. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "डब्याचा नंबर मास्तरले लागला," म्हणाले, "आता तुमाले गाडीले जोडावं लागते."

इंजिनाचा काळा रंग वाळत होता तेव्हा दिघोरीहून निरोप आला. दसरू, म्हणजे साहेबांच्या इंजिनावरचा फायरमन, अंथरुणाला खिळला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. भट्टीत कोळसा मारता मारता त्यानं साहेबांबरोबर उमर काढलेली. त्याचं मागणं एकच होतं: साहेब आपलं इंजिन बनवून राहिले म्हणते, ते मले एक डाव दाखवा, नंबर घालून.

साहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. "उद्या पहिल्या गाडीनं निघू," ते म्हणाले. "नंबर तुमी लावा, मास्तर. मले आकडे नाही दिसत आता, नुसते ढग दिसते." आणि खाटेवर आडवे झाले.

मी इंजिनाच्या नंबराचे तिन्ही आकडे बशीत टाकले आणि तेवढ्यात चार उत्तरपत्रिका तपासू म्हणून बसलो. सहामाहीची गणितं माणसाला कशी झोपवतात ते मास्तरांनाच ठाऊक. डोळा उघडला तेव्हा आकडे पाण्यावर तरंगत होते आणि त्यांचा गोंद बशीत उतरला होता. इंजिनावर ठेवले की घसरत. कागदावर ते आकडे दुसरे नव्हते. साहेबांना उठवायचा धीर होईना, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन साहेबांच्या बायकोकडे, काकूंकडे, वाटीभर तांदळाची पेज मागितली.

"काहून, पोट बिघडलं का?"

"हो," म्हटलं.

पेजेनं आकडे असे चपखल बसले की मी स्वतःवरच खूश होऊन झोपलो.

सकाळी इंजिनावर एक आकडा धड होता, दुसऱ्याची शेपटी होती आणि तिसऱ्याच्या जागी नुसता काळा रंग. झुरळांनी मेजवानी केली होती. साहेबांनी त्या जागेवरून बोट फिरवलं.

"काय लावलं?"

"पेज."

"हिच्या हातची?"

"हो."

"मंग त्या बिचाऱ्या झुरळायची काय चूक."

मी म्हटलं, "आज थांबा. मी नागपूरला जाऊन नवा कागद आणतो."

"कागद उद्याही भेटन," ते इंजिन टॉवेलात गुंडाळत म्हणाले. "दसरूचं काय सांगता?"

एस.टी.त ते गठुडं मांडीवर धरून बसले होते. दर खड्ड्याला ते अलगद उचलून धरत. मला वाटलं, आता शिव्या देतील तर बरं.

दसरूच्या घरी पोचलो तर खाटेवर माणूस कमी आणि गोधडी जास्त. साहेब उशाशी बसले. "काहून बे दसरू, ड्युटीवर नाही आला?"

"सिकमधी आहो जी, साहेब."

साहेबांनी इंजिन त्याच्या छातीवर ठेवलं. त्यानं भट्टीचं दार उघडलं, आत पाहिलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग बोट नंबरापाशी थांबलं. "बाकीचे कुठी गेले जी?"

साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. "या मास्तरनं पेजेनं चिकटवले. झुरळायनं खाल्ले."

दसरू हसायला लागला आणि हसता हसता खोकल्यात गेला. सून पाणी घेऊन धावली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाला, "जिंदगीभर मी याले चारलं, अन् झुरळायनं यालेच खाल्लं." बोट त्या उरलेल्या आकड्यावरच होतं.

"मास्तर नवे आकडे आणून देते," साहेब म्हणाले.

"राहू द्या जी. हा एक पुरे. बाकीचे मले पाठ आहेत."

परतताना टॉवेल रिकामा होता. आठवड्याच्या आत दसरू गेल्याचं कळलं. इंजिन तिथेच राहिलं. त्याची नातवंडं ते अंगणात ओढतात, असंही कुणी सांगितलं. साहेबांनी ते परत मागितलं नाही.

पुढे माझी बदली झाली. सामान बांधताना कोनाड्यात रांगेनं उभे असलेले डबे दिसले. रंगवलेले, नंबर घातलेले, पुढे काहीच नाही. जाता जाता काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, "साहेब, नवं इंजिन करा ना. या खेपेला मी हात लावणार नाही."

त्यांनी डब्यांवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.

"इंजिन तं करीन," म्हणाले. "फायरमन कुठून आनू, मास्तर?"