उबिनवरचा दहीभात

सिंगापुरातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमधल्या टेबलावर जेवताना आज माझ्यासमोरच्या खुर्चीवर कावळा येऊन बसला आणि उबिन बेटावरची ती दमट दुपार आठवली.

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच सिंगापूरला आली होती. बेटावर जायचं आधीच ठरलं होतं आणि नेमकी बाबांची तिथी आली. आईने डब्यात दहीभात घेतला. खारफुटीजवळ बसल्यावर तिने पहिला घास पानावर काढला. आसपास कावळा नव्हता. पंखांचा घुमणारा आवाज करत धनेशाची जोडी मात्र अगदी जवळच्या फांदीवर उतरली.

"यांनी शिवला तरी चालेल," आई म्हणाली.

"आजी, कॅनॉट लाह," माझी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "इथे पक्ष्यांना खायला द्यायचं नसतं."

शेजारच्या पाटीवरही तेच लिहिलं होतं.

आईने घास उचलून डब्याच्या झाकणात ठेवला. "नियम आहे ना, राहू दे. तुझे आजोबा समजून घेतील."

आज आईची तिथी. कावळा माझ्या भाताकडे बघत होता. मी ट्रे उचलला आणि नियमाप्रमाणे उष्टे ट्रे ठेवायच्या रॅकवर नेऊन ठेवला. आई समजून घेईल, असं मनाशी म्हटलं. आमच्या घरात समजून घ्यायचं काम नेहमी तिच्याकडेच असायचं.