घडीमास्तरांची छोटी मशीन

माझे बाबा आयुष्यात कुणाला वाईट बोलले नाहीत, असं सगळे सांगतात. खरंच आहे ते. बोलायची त्यांना गरजच पडली नाही, कारण त्यांच्याकडे लाल दोरा होता.

बाबांची लॉन्ड्री होती. एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला चष्म्याचं दुकान आणि मधे अंग चोरून बसलेले आम्ही. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची दोन टेबलं, त्यामागे पडद्याआड दोन मशिनी, एक मोठी आणि एक छोटी. बाबांना सगळे घडीमास्तर म्हणायचे. शर्टाची घडी अशी घालायचे की उलगडायचा धीर होऊ नये. एका गृहस्थाने म्हणे तीन वर्षं शर्ट उलगडलाच नाही, आणि उलगडला तेव्हा तो पोटावर बसेना. ही दंतकथा पसरवण्याचं काम बाबा स्वतःच करत. बाकी माणूस नम्र. गिऱ्हाईक आलं की खुर्चीतून अर्धे उठायचे. पूर्ण उठलं तर लोकांना वाटतं आपल्याला घालवतायत, असा त्यांचा सिद्धांत होता.

धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला काजात किंवा शिवणीत खुणेचा दोरा बांधायचा, ही आमच्या दुकानाची पद्धत. पांढरा म्हणजे स्टार्च नको. निळा म्हणजे रंग जातो. लाल म्हणजे छोटी मशीन. मी नऊ वर्षांची झाले आणि दोरे बांधायचं खातं माझ्याकडे आलं. शाळेतून आले की मी स्टुलावर बसायची आणि गठ्ठेच्या गठ्ठे हातावेगळे करायची. माझी गाठ कधी सुटली नाही. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगायचे आणि मी ऐकू न आल्यासारखं करून ऐकायची.

लाल दोरा पुलापलीकडून येणाऱ्या कपड्यांना. पुलापलीकडे कोण राहतं हे आमच्या घरात कुणी कधी तोंडाने सांगितलं नाही. माहीत मात्र सगळ्यांना होतं, आमच्या मांजरालासुद्धा असावं. मी एकदा विचारलं, "बाबा, ह्यांचे कपडे वेगळे का टाकायचे?"

"त्यांचं सूत वेगळं असतं गं."

"म्हणजे कसं?"

"वेगळं म्हणजे वेगळं. वेगळं धुवावं लागतं. धंद्यातलं आहे ते, कळेल तुला हळूहळू."

मी विश्वास ठेवला. डाग चहाचा की औषधाचा हे ज्याला नुसत्या वासावरून कळतं, त्याला सूत कळणारच. काउंटरवर बसलेल्या आईने हे ऐकलं आणि पावतीपुस्तक उगाच पहिल्या पानापासून चाळायला घेतलं. आई गप्प बसण्यात फार हुशार होती.

शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि त्या फटीतून ती कुठलंही गाणं वाजवून दाखवायची, म्हणून तिचं नाव पडलं शिट्टी. मला जन्मात तेवढी एकच मैत्रीण मिळाली होती. बाकीच्या मुलींना माझ्या अंगाला साबणाचा वास येतो असं वाटायचं. शिट्टीला तो आवडायचा. ती पुलापलीकडे राहायची. तिची आई दवाखान्यात नर्स होती आणि तिचे पांढरे युनिफॉर्म दर आठवड्याला आमच्याकडे यायचे. आमच्या दुकानात येणारे सगळ्यात स्वच्छ कपडे तेच. मी त्यांना लाल दोरा बांधायची, आणि मैत्रिणीच्या आईचे म्हणून गाठ जरा जास्तच सुबक मारायची.

त्या वर्षी शाळेत नाटक बसलं, जंगलाचं. दोन-चार मुलांना संवाद होते, बाकी आम्ही सगळी झाडं. बाईंनी हिरव्या कापडाचा एक अख्खा तागा आणून सगळ्यांना एकसारखे झगे शिवून घेतले. नाटक संपलं, झगे घामाने भिजले, आणि बाई म्हणाल्या, "घडीमास्तरांची मुलगी आहे ना आपल्याकडे. ती नेईल धुवायला."

मी दप्तरातून दोऱ्यांची डबी काढली. ती मी कायम जवळ ठेवायची, डॉक्टर नळी ठेवतात तशी. सगळ्या झाडांना रांगेत उभं केलं आणि कोण कुठे राहतं ते बघून दोरे बांधायला लागले. पुलापलीकडची चार झाडं निघाली. त्यांना लाल.

शिट्टीने बाहीवरची गाठ बघितली. "हा कशाला?"

"छोट्या मशीनसाठी. तुमचं सूत वेगळं असतं."

"पण सगळे झगे एकाच ताग्यातले आहेत."

प्रश्न रास्त होता. बाबांनी मला ह्याचं उत्तर दिलेलं नव्हतं. पण मी धंद्यातली होते, अडून कशी राहणार. मी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "हो, पण आता तू घातलास ना."

हे वाक्य बाबांचं नाही. हे माझं मी तयार केलं, सगळ्या वर्गासमोर, अगदी खात्रीने. शिट्टीने झगा काढला, त्याची वेडीवाकडी घडी घातली, माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची आई दुकानात आली. बाबा नेहमीप्रमाणे अर्धे उठले.

"घडीमास्तर, काल शाळेत तुमची मुलगी काय बोलली ते कळलं मला. माझे युनिफॉर्म कुठल्या मशीनमध्ये धुता?"

बाबांचा चेहरा पडला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना वाट सापडली. "पोरीचा काहीतरी गैरसमज झालाय, ताई. लहान आहे. कुठून काय शिकून येतात ही मुलं, देव जाणे." मग मला म्हणाले, "माफी माग ताईंची."

मी स्टुलावर बसले होते. हातात दोरा होता. मी बाबांकडे बघत राहिले, की आता ते हसतील आणि खरं काय ते सांगतील. ते इस्त्रीकडे बघत होते. मी उठले आणि माफी मागितली.

ताई शांत होत्या. "तिला कशाला मागायला लावताय?" एवढंच म्हणाल्या, आपले युनिफॉर्म ओलेच पिशवीत भरले आणि गेल्या. त्या परत कधी आमच्या दुकानात आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी आईने पडद्यामागे जाऊन छोट्या मशीनची पिन उपटली. पुलापलीकडचा उरलेला गठ्ठा मोठ्या मशीनमध्ये कोंबला, वरून बाबांचा आवडता शर्ट टाकला आणि बटण दाबलं. बाबा मशीनच्या काचेला नाक लावून उभे राहिले. शर्टाला काहीतरी होणार अशी त्यांना खात्री होती. काही झालं नाही. शर्ट जसाच्या तसा बाहेर आला, आणि खरं सांगते, ते जरा हिरमुसले.

पण बदलले, हेही सांगायला हवं. मनापासून बदलले. पुढे पुलापलीकडचे लोक आमच्याकडे जेवायला येऊ लागले, बाबा त्यांच्याकडे लग्नकार्याला जाऊ लागले. दुकानदारांच्या सभेत एकदा त्यांनी माणसं सगळी सारखी ह्या विषयावर इतकं लांबलचक भाषण केलं की बेकरीवाल्याला डुलकी लागली. आणि त्यांना एक किस्सा मिळाला. पाहुणे आले की सुरू करायचे, "आमची ही लहानपणी काय करायची माहितीये का?" मग झाडं, दोरे, आणि माझं ते वाक्य, माझ्याच आवाजाची नक्कल करून. शेवटी त्यांनी मला कसं समजावलं आणि माझ्या डोक्यातलं खूळ कसं काढलं, ते. सगळे हसायचे. मीही हसायची. काय करणार, बाबाच ते.

शिट्टी माझ्या बाकावर परत आली नाही. दुसऱ्या मुलींसाठी ती गाणी वाजवायची, ती मला तीन बाकं मागून ऐकू यायची. बाबांनीच शिकवलं मला, असं तिला जाऊन सांगावं असं रोज वाटायचं. पण ते वाक्य कुणी शिकवलं, असं तिने विचारलं असतं तर? पुढच्या वर्षी तिची तुकडी बदलली.

गेल्या महिन्यात बाबांना एकाहत्तरावं लागलं. घर भरलेलं होतं. केक कापून झाला आणि त्यांनी किस्सा काढला. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिने तो पहिल्यांदाच नीट ऐकला. सगळे हसले, ती हसली नाही.

"पण आजोबा," ती म्हणाली, "आईला हे शिकवलं कोणी?"

कुणीतरी तिला केकचा आणखी एक तुकडा देऊ केला. तिने घेतला नाही. आई नेहमीसारखी गप्प होती, पण ह्या वेळी ती सरळ बाबांकडे बघत होती.

"मी," बाबा म्हणाले. मग हातातली बशी खाली ठेवून, "तिला काही माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं. आणि माफी तिला मागायला लावली."

हे ऐकलं की मला बरं वाटेल, असं मी तेहेतीस वर्षं धरून चालले होते. नाही वाटलं. राग आला. एका अक्षराचा शब्द, तो उच्चारायला ह्या माणसाला एवढी वर्षं लागली.

"मग ती मुलगी आता कुठे आहे?" माझ्या लेकीने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.