मॅडमच्या प्रबंधातली बाई

"ही साडी नको," मॅडम म्हणाल्या. "तुझी कामाची नेस. आणि खुर्चीवर नको बसू. खाली बस, फरशीवर. तसं खरं वाटतं."

मी पिवळी साडी नेसून गेले होते. इस्त्री केलेली. निघताना शेजारची सुनंदाआजी हसली होती. ती मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जाते. बोलते अहिराणी.

"कोठे चालनी वं इतली नटीसनी?"

"मॅडमचं काम आहे. कॅमेऱ्यासमोर बोलायचंय."

"मन्हा बी फोटू काढाले सांग तुन्ही मॅडमले. मराना पहिले एक तरी चांगला फोटू पाहिजे."

मॅडमच्या घरी माझी एक जुनी साडी असते. भांडी घासताना भिजायला. ती ओलसरच होती. मोरीत जाऊन तीच नेसले. बाहेर आले तर मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आता बरोबर. आईचं चांदीचं कडं आहे ना हातात? ते दिसू दे."

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. फरशी गार होती, तेवढं कळलं.

मॅडम मुख्याध्यापिका आहेत. माझी मुलगी त्यांच्याच शाळेत चौथीत शिकते. नवरा ऊसतोडीला गुजरातेत जातो. आम्ही डोंगर सोडून नंदुरबारात खोली घेतली ती मुलीच्या शाळेसाठी. मॅडमकडे मी स्वयंपाक करते, भांडी घासते, केर काढते. त्या शिक्षणातली डॉक्टरेट करत होत्या. दूरशिक्षणातून. कॉलेजात जायचं नाही, नोकरी सांभाळून घरूनच सगळं. ही डॉक्टरेट नोकरी करणाऱ्यांसाठीच असते म्हणे. रोजच्या कामातला एखादा प्रश्न घ्यायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा. त्यांच्या गाइड लांब कुठेतरी होत्या, हिंदी बोलायच्या. रविवारी लॅपटॉपमध्ये दिसायच्या. मॅडमचा प्रश्न होता, डोंगरातल्या मुली चौथीनंतर शाळा का सोडतात.

मी चौथी शिकले. पुढचं लिहिणं-वाचणं मुलीच्या पुस्तकांवर शिकले. पण मॅडमना मी चौथीच हवी होते.

त्यांना त्रास होता, हे मी पाहिलं आहे. गाइडनी प्रकरण परत पाठवलं की त्या जेवत नसत. त्यांचे साहेब सोफ्यावरून म्हणायचे, "डॉक्टर झालीस तर मला इंजेक्शन देशील का?" आणि स्वतःच हसायचे. मॅडम गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. मी चहा करून द्यायचे. एकदा त्या म्हणाल्या, "तू आहेस म्हणून माझं होतंय गं." त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

त्याच दिवसांत मुलगी घरी येऊन सांगायची, आज मॅडमच्या ऑफिसात होते. पाणी भरलं. पाहुणे आले होते, कप धुतले. मी विचारायचे, आणि वर्ग? ती म्हणायची, वर्ग चालू होता. मॅडमचंच मीठ, मॅडमचीच शाळा. ओळख राहील, असं मनाला सांगायचे.

तर मी फरशीवर बसले. मॅडमनी लॅपटॉप स्टुलावर ठेवला, माझ्याकडे वळवला. गाइड दिसल्या. पांढरे केस, चष्मा. त्यांनी मला नमस्कार केला. मॅडम हिंदीत म्हणाल्या, "ये मेरी केस है, मैडम."

मग मला मराठीत, हळू आवाजात. "तू तुझ्या पावरी बोलीत बोल. शाळा कशी सुटली ते सांग. मी त्यांना हिंदीत सांगते."

मॅडमना पावरी येत नाही. पाणी, भाकर, ये, जा, एवढंच. येते, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं होतं. मला हे तिथेच कळलं, कारण गाइड म्हणाल्या, "अच्छा है कि आप इनकी बोली जानती हैं." मॅडम हसल्या.

मला माणसांसमोर बोलता येत नाही. घशात अडकतं. पण त्या दिवशी अडकलं नाही. त्या खोलीत माझी बोली कुणालाच कळत नव्हती. भिंतीशी बोलावं तसं होतं. म्हणून मी बोलत गेले. कधी नवऱ्याला सांगितलं नाही ते सांगितलं.

धडगावच्या वरच्या अंगाला आमची आश्रमशाळा. आईने मला तिथे ठेवलं. तिसरीपर्यंत मी वर्गात बसले. चौथीत गुरुजींच्या बायकोला बाळ झालं. गुरुजी वर्गात येऊन म्हणाले, "तू चल." मी बाळ सांभाळलं. दुपारी भांडी घासली. गुरुजींचं घर शाळेला लागूनच होतं. भिंतीपलीकडे मुलं कविता म्हणायची. बाळ कडेवर घेऊन मी ओठ हलवायचे. हजेरीत माझं नाव होतं. रोज हजर.

चौथी संपत आली तेव्हा आई बाजाराला धडगावात उतरली आणि मला बघायला वर आली. आधी वर्गात गेली. मी नव्हते. मुलांनी बोट दाखवलं. मी मागे दगडावर बसून राखेने पातेलं घासत होते. पातेलं माझ्या हातातून घेतलं, उपडं ठेवलं. माझा हात धुतला. गुरुजींची बायको दारात आली तेव्हा आई म्हणाली, "मी पोरगी शिकायला दिली होती." बस. एवढंच. आणि मला घेऊन घाट उतरली. दुसरी शाळा लांब होती. मग शाळा झालीच नाही.

सांगून झालं. मला माझाच आवाज ऐकू येत होता. इतकी वर्षं हे माझ्या आत होतं पण मी ते ऐकलं नव्हतं. गुरुजी वर्गात येऊन म्हणाले, तू चल. मुलगी म्हणाली होती, वर्ग चालू होता. दोन्ही एकाच वेळी ऐकू आलं.

मॅडम हिंदीत सांगू लागल्या. मला हिंदी कळते. मिरचीच्या व्यापाऱ्यांची हिंदी, टीव्हीची हिंदी.

"ये कह रही है कि माँ ने ही स्कूल छुड़वाया. घर के काम के लिए. बर्तन, छोटे बच्चे. इन लोगों में माँ को पढ़ाई का महत्व नहीं होता."

गाइड मान हलवत काहीतरी लिहून घेत होत्या.

मी म्हणाले, "मी असं बोलले नाही."

मराठीत म्हणाले. मोठ्याने. मॅडमचा हात लॅपटॉपकडे गेला. मी बोलत राहिले. आई नाही. गुरुजी. त्यांच्या घरची भांडी. गाइडनी कानाला हात लावला. त्यांचे ओठ हलत होते. मॅडमनी आवाज बंद केला होता. त्या बाईंना माझं फक्त तोंड उघडताना-मिटताना दिसत असणार. मग मॅडमनी लॅपटॉप मिटला.

"नेट गेलं म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "काय चाललंय तुझं?"

मी सगळं पुन्हा मराठीत सांगितलं. फरशीवर बसूनच. त्यांनी ऐकलं. थोडा वेळ चेहरा उतरला त्यांचा. मग म्हणाल्या, "अगं, पण शेवटी काढलं आईनेच ना? मग मी खोटं काय बोलले? आणि गुरुजींचं मी कसं लिहू? मी त्याच खात्यातली. माझं दोन वर्षांचं काम आहे हे."

"माझी गोष्ट काढून टाका त्यातून."

"तुझं नाव नाहीच त्यात. नंबर दिलाय तुला. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुझी मुलगी माझ्या शाळेत आहे. मी तिच्याकडे लक्ष देते. आठव."

मी आठवलं. तेच तर आठवत होतं.

उठले. ओली साडी सोडून पिवळी नेसले. सिंकमध्ये सकाळची भांडी होती. ती तशीच ठेवून निघाले. रस्त्यात रडू येईल असं वाटलं. आलं नाही. रिक्षावाला म्हणाला, बसायचं का ताई. मी चालत गेले.

सुनंदाआजीने विचारलं, "निंघना का फोटू?" मी सांगितलं. ती मिरचीने लाल झालेली बोटं राखेत चोळत बसली होती. म्हणाली, "काम गयं ते गयं. ये मन्हासंगे, देठ खुडाले. हात पेटतीन, पन कोनी फरशीवर नही बसाडाव."

"पथारीवर तर जमिनीवरच बसायचं असतं, आजी."

"ते आपलं आपण बसतस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. मुलीची जागा रिकामी होती. दप्तर होतं, मुलगी नव्हती. विचारलं नाही कुणाला. ऑफिसच्या मागे नळ आहे, मला माहीत होतं. ती तिथे उकिडवी बसून कप धूत होती. मला बघून घाबरली. तिला वाटलं मी मारणार.

मी कप तिच्या हातातून घेतला. नळावर उपडा ठेवला. तिचे हात माझ्या पदराला पुसले.

ती म्हणाली, "घरी जायचं?"

माझ्या आईने मला घरी नेलं होतं. तिला त्या दिवशी तेवढंच करता आलं. दार कुठलं ठोठावायचं, कुणाशी भांडायचं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा दोष नाही. तिने मला शाळेतून काढलं नाही. तिने मला गुरुजींच्या भांड्यांवरून उठवलं. हे मी इथे लिहून ठेवते. मॅडमच्या प्रबंधात दुसरं काही लिहिलेलं असेल. असू दे. ते खोटं आहे.

"नाही," मी मुलीला म्हणाले. "वर्गात."

ऑफिसच्या दारात मॅडम उभ्या होत्या. मी त्यांच्या समोरून मुलीला नेलं. वर्गातले सर शिकवता शिकवता थांबले. मी मुलीला तिच्या जागेवर बसवलं. सरांना सांगितलं, "हिला वर्गाच्या वेळात कुणी बोलावलं तर पाठवू नका. माझं नाव सांगा." माझा आवाज कापत होता. कापू दे.

आता मी पथारीवर जाते. हात पेटतात. दुपारच्या सुट्टीत उठते आणि शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. मॅडम बघतात. शिपाई म्हणतो, बाई, रोज रोज काय असतं तुमचं.

मी रोज येणार. मॅडम डॉक्टर झाल्या तरी येणार. त्यांनी शाळेतून मुलीचं नाव काढून टाकलं तर शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसात जाईन, तिथे खुर्ची असेल तर खुर्चीवर बसेन आणि मराठीत सांगेन. माझी मुलगी ज्या दिवशी त्या जागेवर दिसणार नाही, त्या दिवशी मी तिला शोधून आणीन. जिथे असेल तिथून उठवीन. आणि घरी नेणार नाही.