चाकाखालचा देव

आमच्या घरात हँडब्रेकवर कुणाचाही विश्वास नाही.

देवावर आहे, शेजाऱ्यांवर सणावारी थोडाफार आहे, हँडब्रेकवर नाही. याला कारण 'सर्जा'. हा बैल नव्हे, पिकअप. ती बनवणाऱ्या कंपनीबद्दल लिहायला बसलो की आजही माझं पेन कागद फाडतं!

एके काळी महाड-पोलादपूर रस्त्यावर डोळे मिटून दगड मारला तरी तो सर्जालाच लागायचा. (मारला आहे. लागला आहे. त्यानंतर मलाही लागलं आहे.) सिमेंट, बकऱ्या, गवताचे भारे, वऱ्हाड, गणपती, सगळं सर्जातून. नाक बैलासारखं, हॉर्न रेड्यासारखा, आणि हँडब्रेक? दांडा होता. ओढला की वर यायचा. बस्स, एवढंच! गाडी आपली उताराला लागायची ती लागायचीच. लोकांनी बोंब मारली, तेव्हा कंपनीने काय करावं? दांड्याला लाल मूठ बसवली आणि 'सर्जा डिलक्स' म्हणून तीच गाडी पुन्हा आमच्या गळ्यात मारली!

म्हणून प्रत्येक सर्जाचा स्वतःचा एक दगड असे. गाडी थांबली की किन्नरने, म्हणजे गाडीवरच्या पोऱ्याने, उडी मारायची आणि चाकाखाली दगड लावायचा. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की दगडाची व्हायची, कारण वर्षभर खरी नोकरी तोच करायचा.

मग पत्रा पातळ होत गेला, इंजिनं धापा टाकू लागली आणि कंपनी बसली. (ती मात्र हँडब्रेकशिवाय बसली!) महाडच्या शोरूममध्ये मोबाईलची कव्हरं लटकली. एकेक सर्जा भंगारात गेला. उरला एकच, आमच्या काकांचा.

काकांबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळत नाही. वडिलांच्या मागे त्यांनीच मला वाढवलं. नववीत शाळेने आणि मी एकमेकांना सोडलं, तेव्हा 'पोरगा फुकट गेला' न म्हणता त्यांनी मला गाडीवर घेतलं. आज मस्कतजवळ एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवून चार घास खातो, ते त्यांच्या शिकवणीचे. म्हणून माझ्या साखरपुड्याला सर्जातूनच जायचं असं त्यांनी ठरवलं, तेव्हा मी हळूच विचारलं,

"काका, भाड्याची गाडी बघू या का?"

"भाड्याची? मग नवरा पण भाड्याचाच नेऊ काय?"

निघालो. मुलीचं घर शिवथरला, उतारावर. रस्ता वर, अंगण खाली. मधे नुसती घसरगुंडी.

"दगड लावलास काय रे?"

"लावला."

"नीट?"

"नीट, काका!" (तरी मी जाऊन पुन्हा बघून आलो. माझा स्वभावच तसा.)

दगडाला त्या दिवशी काकांनी हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं होतं. "त्याचा पण मान हाय आज," म्हणाले. इथेच आमचं नशीब घसरलं!

मी अंगणात पाटावर बसलो. भटजींनी नुकता घसा साफ केला, इतक्यात वरून, मागे रेंगाळलेल्या बायकांना बोलवायला गेलेल्या मुलीच्या आत्याची किंकाळी आली.

"अगो बाय! देवाला चाकाखाली घातलाय मेल्यांनी!"

आणि त्या माउलीने दगड उचलला, पदराने पुसला, कपाळाला लावला आणि मागल्या दाराने घरात नेला. सर्जा क्षणभर विचारात पडला. मग निघाला!

"दगड! अरे दगड!" काका ओरडले. समोर नेमके मुलीचे वडील उभे.

"दगड कुणाला म्हणता वो?"

तोवर सर्जाने मांडवाचा खांब घेतला होता. माणसं बाजूला पळाली. मी मात्र पाटाला चिकटलेलाच. (सांगितलं ना, स्वभाव.) तेवढ्यात माझी होणारी बायको धावत आली आणि आयुष्यात प्रथमच माझ्याशी बोलली.

"उठा!"

मी उठेपर्यंत तिला धीर नव्हता. तिने पाट खालून ओढला, मी उताणा, आणि पाट थेट चाकाखाली! सर्जा अर्धा पाटावर चढला, शिंकला आणि बासुंदीच्या टोपात नाक घालून थांबला.

मग खरा भडका उडाला.

"देवाला चाकाखाली घालणाऱ्यांच्यात माझी पोरगी नाय द्यायची!" मुलीचे वडील ओरडले.

"अवो, देव कसला? सावित्री नदीतला धोंडा हाय तो!"

"मग हळदकुंकू कशाला?"

काका जास्तच चिडले. "आमचा दगड द्या आधी!"

"देव्हाऱ्यात ठेवला मी," आत्या दारातून गरजल्या. "बसलेला देव उठवत नाय आमच्यात!"

माझं लग्न डोळ्यांदेखत उताराला लागलेलं! डोकं फिरलं. काकांवर हात उगारणं शक्य नव्हतं, सासऱ्यांवर शोभलं नसतं. मी सर्जात घुसलो आणि हँडब्रेकचा तो लाल मुठीचा दांडा सगळ्या ताकदीने उपटला. ताकद वाया गेली. दांडा गाजरासारखा हातात आला! खाली तार नाही, काही नाही. नुसता पत्र्यात खोचलेला!

सासऱ्यांनी दांडा हातात घेऊन उलटासुलटा केला. त्यांचा आवाजच बदलला.

"डिलक्स ना? आमच्याकडं पण होती. गोठ्यात घुसली."

"आमची न्हाणीघरात!" काका म्हणाले.

"त्या कंपनीच्या..."

पुढचं छापता येणार नाही. दोघे एका बाकावर बसून कंपनीच्या सात पिढ्यांची पूजा बांधू लागले, आणि त्या मंत्रघोषातच भटजींनी आमच्या अंगठ्या उरकून घेतल्या.

सर्जा मात्र घरी परतला नाही. "दुसरा दगड तो मानायचा नाय," काका म्हणाले आणि परस्पर महाडला भंगारात घालून आले.

दगड अजून शिवथरला देव्हाऱ्यात आहे. सुट्टीवर गेलो की आत्या आधी मला त्याच्या पाया पडायला लावतात. त्याला रोज दुधाची आंघोळ, ताजं फूल, गोडाचा नैवेद्य. आमचा दगड त्या घरात देव झाला. आणि जावई, ज्याचा मान खरा देवाचा, तो आत्यांच्या लेखी अजून दगडच!